न ठोकलेली गाडी

गाडीत काहीच दोष निघेना, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. एरवी उलटं असतं. दोष निघत नाही म्हणजे कुणीतरी तो लपवलेला असतो, आणि लपवलेले दोष हुडकण्यात माझी अडतीस वर्षं गेली. त्यात भीती कसली, लपंडाव खेळल्यासारखी मजाच येते. पण त्या शनिवारी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गॅरेजात, गार फरशीवर पाठ टेकून, तोंडात छोटा टॉर्च धरून मी त्या राखाडी गाडीच्या पोटाखाली पडलो होतो आणि जिकडे पाहावं तिकडे सगळं जिथल्या तिथे होतं. नटांच्या डोक्यांवर कारखान्यात दिलेले पिवळे ठिपके तसेच, पान्याचा एक ओरखडा नाही. वेल्डिंगचे डाग एकसारख्या अंतरावर. पुट्टी नाही, नवा रंग नाही, तेलाचा थेंब नाही. पलीकडच्या अंगाला माझ्या मुलीचे बूट तेवढे दिसत होते. ती टाचांवर पुढेमागे डोलत होती. लहानपणी ती कुठेच स्थिर उभी राहायची नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायला लागलो, आणि आता छत्तिसाव्या वर्षीही ते नाव तिला शोभतं. "बाबा, झालं का?" तिनं विचारलं. मी टॉर्च तोंडातून काढला आणि म्हटलं, "घाई काय आहे? गाडी पळून चाललीय का?" म्हणालो खरा, आणि माझं मलाच कसंसं झालं. पळण्यासाठीच तर ती बनवली होती.

माझा धंदा जुन्या गाड्यांचा भाव सांगण्याचा. मी गाड्या घेत नाही आणि देतही नाही. घेणारा आणि देणारा यांच्या मधोमध उभा राहतो, गाडीला हात लावतो, आकडा सांगतो, फी घेतो आणि घरी जातो. बाजारात मला काटा म्हणतात. काटा म्हणाला म्हणजे झालं, पुढे घासाघीस नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र माझ्या खिशात असतं, पण ते मी शेवटी काढतो, लोकांचं समाधान म्हणून. आधी डोळे मिटून तळहात फिरवायचा. जिथे पत्रा ठोकून सरळ केलेला असतो तिथे तो हाताला किंचित जड लागतो. कसा ते मला सांगता येणार नाही. आजारी माणसाचं कपाळ हाताला कळतं, तसं कळतं. आणि माझा एक नियम आहे, तो मी कोणासाठी मोडलेला नाही: गिऱ्हाईकानं आपला खिसा मला सांगायचा नाही. तुमच्याकडे किती आहेत हे एकदा माझ्या कानावर पडलं की माझा आकडा आपोआप तिकडे कलणार. मनुष्यस्वभाव आहे. भिंगरीला हा नियम अगदी पाळण्यात होती तेव्हापासून माहीत. म्हणून परवा तिनं फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबा, एक गाडी बघायची आहे. भाव सांगायचा. खिसा सांगत नाही, काळजी नको." मी विचारलं, "कोणासाठी?" ती हसली. म्हणाली, "माझ्यासाठी. नऊ वर्षं साठवतेय. तू हो म्हणालास तर घेणार, नाही म्हणालास तर विषय संपला." एवढा भरवसा. फोन ठेवल्यावर मला आनंद व्हायला हवा होता.

तिच्या आईनं सकाळी चहाचा कप पुढे सरकवला आणि बसली नाही. टेबलाला टेकून उभी राहिली. "तुम्ही नाही म्हणा," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, गाडी बघितलेली नाही अजून." "न बघताच म्हणा. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकते, गाडीच्या बाबतीत तरी." मी तिला समजावलं की माझ्या धंद्यात असं चालत नाही, आहे ते आहे, नाही ते नाही. माझा आवाज नको तेवढा चढला. ती कप उचलून घेऊन गेली. चहा मी अर्धाच प्यायलो होतो.

अशा गाडीचा भाव करणं साध्या गाडीसारखं नसतं. साधी गाडी वापरली की उतरते आणि उतरतच जाते, आपल्यासारखी. पण जी पाचशेच बनवली, पुन्हा बनवणार नाहीत असं लिहून दिलं, ती काही वर्षं उतरते, मग थांबते आणि मग चढायला लागते. का चढते? लोक म्हणतात, दुर्मिळ आहे. मग ती दुर्मिळ कशामुळे होत गेली? तिच्या बहिणी खांबांवर, झाडांवर, पुलांच्या कठड्यांवर संपत जातात म्हणून. डॅशबोर्डावर पितळी पट्टी होती, पाचशेपैकी तीनशे सतरा. आज पाचशेपैकी जेमतेम साडेतीनशे धावत असतील. म्हणजे या एका गाडीच्या भावात त्या दीडशे गाड्यांचा वाटा आहे, आणि त्यांत जे बसले होते त्यांचाही. हा हिशोब मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना मोठ्या चवीनं सांगत आलो होतो. त्या दिवशी गाडीखाली पडल्या पडल्या तो मला पहिल्यांदा ऐकू आला.

कारण हिच्यासारखी मोडलेली एक मी बघितली आहे. ह्या धंद्यात पडण्याआधी चार वर्षं मी विमा कंपनीच्या आवारात कामाला होतो. मोडलेल्या गाड्या तिथे आणून टाकायच्या आणि मी सांगायचं, काय उरलं आणि जे उरलं त्याचं काय येईल. ह्याच कंपनीची, हिच्या कितीतरी आधीची, पण अशीच मोजकी बनवलेली, आणि रंगही हाच. नंबर आठवत नाही, पट्टी राहिलीच नव्हती. पुढचा भाग नव्हता म्हटलं तरी चालेल. पण मागच्या जागेवर इस्त्रीचे कपडे होते. चार शर्ट, एकावर एक, कागदाच्या पट्टीत बांधलेले, आणि त्यांची एक घडीसुद्धा हललेली नव्हती. मी ते कपडे बाजूला ठेवले, मागचे दिवे तपासले, दोन्ही शाबूत, मागची चाकं शाबूत, आकडा लिहिला, हात धुतले आणि जेवलो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला मूल नव्हतं. ते शर्ट कुणाचे होते, पुढे कुणी न्यायला आलं का, मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

गाडीखालून मी बाहेर आलो तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, केस मुलासारखे कापलेले, गुडघ्याला पट्टा. गाडी नवी असल्यापासून त्यांचीच. सोळा वर्षं एका हातात. विकायचं कारण गुडघा. क्लच दाबता येईना. "दाढ काढताना पेशंट बघतो ना, तसे बघताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "दुखणार नाही, सांगते. बाजारात तुम्हाला काटा म्हणतात ना? म्हणूनच तुमच्या मुलीला म्हटलं, त्यांनाच आण. मी वेगळा माणूस लावत नाही. काटा सांगेल तो भाव." मी गाडीच्या संगणकाला माझं यंत्र जोडलं. इंजिन किती वेळा, किती ताणलं, हे अशा गाड्या स्वतःच लक्षात ठेवतात, मालक विसरला तरी. पडद्यावरचे आकडे बघून मी बाईंकडे पाहिलं. मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर इंजिन शेकडो वेळा गेलेलं होतं. "सोमवारी सकाळी," बाई निर्लज्जपणे म्हणाल्या. "दवाखाना उघडायच्या आधी. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघायचं म्हणजे काय खायचं काम आहे? आधी थोडं जगून घ्यायचं." भिंगरी खळखळून हसली. मला ते हसणं ओळखीचं वाटलं आणि नकोसंही वाटलं. दोघींचं माझ्यावाचून काहीतरी जमलं होतं.

मग बाईंनी तिला किल्ली दिली. भिंगरी आत बसली, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. ती पूल तपासते. दोरावर लोंबकळून खांबांचे तडे मोजते, बोटानं, मग यंत्रानं. आधी हात मग यंत्र, हे माझ्याकडून उचललेलं. घाबरट पोर नाही. बेफिकीरही नाही, हे मी कबूल करतो. तिनं किल्ली फिरवली. इंजिन पेटलं आणि गॅरेजाच्या पत्र्यात काहीतरी थरथरलं, आणि ते माझ्या पायांतून पोटात आलं. गाडी जागची हलली नव्हती. पण काचेतून मला तिचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती. अगदी शांत झाली होती. टाच डोलायची थांबली होती. छत्तीस वर्षांत ती कुठे स्थिर बसलेली मी पाहिली नव्हती, झोपेतसुद्धा ती कूस बदलत असते, आणि इथे ती देवाच्या मूर्तीसारखी बसली होती. हिला ही गाडी आवडली नव्हती, हिला ती हवी होती. माझ्या तळहातांना घाम फुटला. मी ते पँटला पुसले. डोळ्यांसमोर कपड्यांची ती न हललेली घडी आली, आणि पुढे काय नव्हतं ते आलं. माझ्या डोक्यात भाव तयार होता: त्रेचाळीस लाख. न कमी न जास्त. तो आकडा जिभेवर येऊन बसला होता, आणि मी तोंड उघडलं तेव्हा त्याच्याऐवजी दुसरंच बाहेर पडलं.

"ही ठोकलेली आहे," मी म्हणालो.

इंजिन बंद झालं. भिंगरी बाहेर आली. "कुठे?" "मागे. उजवीकडे. चासीची मागची पट्टी वाकली होती, ओढून सरळ केलीय. साध्या गाडीला चाललं असतं. हिला नाही. वेगात वळताना मागचा भाग हातात राहणार नाही." किती सफाईनं बोललो मी! खोटं बोलायला सराव लागतो म्हणतात, ते खोटं आहे. अडतीस वर्षं खरं बोललेल्या माणसाला पहिलं खोटं फार सोपं जातं, सगळी सोय आधीच झालेली असते. मला वाटलं होतं बाई उसळतील, मग मी जरा मागे सरेन, वाद होईल, वादात सौदा मोडेल. त्या नुसत्या बघत राहिल्या. भिंगरी म्हणाली, "दाखव ना." तिच्या आवाजात शंका नव्हती. तिला शिकायचं होतं. डिकी उघडून मी तिचं बोट धरलं, आत खाली, जिथे दोन पत्रे जुळतात त्या सांध्यावर ठेवलं आणि हळूहळू फिरवत नेलं. तिथे काहीही नव्हतं. कारखान्यातून आली तशी सरळ रेघ. "इथे," मी म्हणालो, आणि उगीच थोडा थांबलो. तिनं डोळे मिटले. माझ्यासारखेच मिटते ती, आधी डावा मग उजवा. आणि म्हणाली, "हो. लागतंय."

माझा हात तिच्या हातावर होता तसाच राहिला. रोज पुलांचे तडे ओळखणारी ही पोर, आणि नसलेली गोष्ट तिच्या बोटाला लागली, कारण मी सांगितली. मग इतकी वर्षं आम्ही मिळून जे जे हात लावून पाहिलं, त्यात तिचं बोट कुठे होतं आणि माझी जीभ कुठे? तिच्या पुलांवरून लोक जातात. पण खरं सांगतो, मला सुटल्यासारखंही वाटलं. काम फत्ते झालं होतं. आता ती मान हलवेल, बाईंचे आभार मानेल, आपण घरी जाऊ, हिची आई दार उघडेल, मी चपला काढता काढता नुसती मान हलवीन. मनातल्या मनात मी चपला काढल्यादेखील.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून उठायला वेळ घेतला. "काटा म्हणतो म्हणजे तसंच असणार," त्या म्हणाल्या. "मग ठोकलेल्या गाडीचा भाव घ्यावा लागेल मला. छत्तीस चालतील?" भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उजाडलं ते बघून मला कळायच्या आत कळलं. "बाबा," ती जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "आता खिसा सांगू का? माझ्याकडे सदतीस आहेत. मला वाटलं होतं तू चाळीसच्या वर सांगशील. मी तर मनातून सोडूनच दिली होती, नुसती एकदा आत बसायला मिळावं म्हणून आले होते." मी म्हटलं, "अगं, पण ती पट्टी..." "पट्टी बदलू! आम्ही अख्खे पूल सरळ करतो, ही काय वीतभर पट्टी." तिनं माझा दंड दाबला. "तूच उभा राहून करून घे ना. तुझ्या हाताखालून गेली की मला भीती नाही."

मी गॅरेजाच्या भिंतीला टेकलो. नुसतं त्रेचाळीस म्हणालो असतो तर काम झालं होतं. एक शब्द, तोही खरा. तिनं उसासा टाकला असता, खांदे उडवले असते, आणि वाटेत कुठेतरी कॉफी पिऊन आम्ही घरी गेलो असतो. माझ्याच नियमानं मला तिचा खिसा कळला नाही आणि माझ्याच खोट्यानं गाडी तिच्या खिशात येऊन बसली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. बाई कागद आणायला आत निघाल्या होत्या. त्यांच्या पट्ट्याचा करकर आवाज येत होता. दार दहा पावलांवर होतं. मी ती पावलं मोजली. सहा झाली, सात झाली. मला दिसत होतं ते एवढंच: ही गाडी, आणि मोकळा रस्ता, आणि टाच न डोलवता शांत बसलेली माझी मुलगी.

"थांबा," मी ओरडलो. "ठोकलेली नाही ती. काही झालेलं नाही तिला. मी खोटं बोललो."

खरं बोललो, पण तेही भीतीनंच. त्यात माझं पुण्य काही नाही. भाव परत वर जावा, एवढीच इच्छा होती. बाई दारातच वळल्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं मी हिला माझ्या हातानं धुतलीय. हिच्या अंगावर कुठे काय आहे ते मला झोपेत विचारा." "मग छत्तीस का म्हणालात?" त्या जराशा ओशाळल्या, माझ्यासाठी. "मला वाटलं, मुलीसाठी भाव पाडताय. बाप आहात, चालायचंच. पोरगी मला आवडली. म्हटलं, काट्याला आयुष्यात एकदा खोटं बोलावंसं वाटलं तर आपण मोडता कशाला घाला." मला ठोसा बसल्यासारखं झालं. ज्या गोष्टीसाठी मी दलालांना दारात उभं करत नाही, तीच मी केली असं ही बाई सरळ धरून चालली होती, आणि वर माफही करून मोकळी झाली होती.

भिंगरी डिकीपाशी उभी होती. ती त्या सांध्याकडे बघत होती. तिनं बोट पुन्हा आत घातलं, फिरवलं, काढलं, आणि बोटाच्या टोकाकडे पाहिलं. "भाव पाडायला?" तिनं विचारलं. हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. बापाची घासाघीस, थोडी लाज, थोडं हसू, वर्षभर चिडवणं. मी म्हणालो, "नाही. तू घेऊ नयेस म्हणून. मला भीती वाटते, भिंगरी. तू आत बसलीस तेव्हापासून माझे हात थरथरतायत, बघ." मी हात पुढे केले. ते खरंच थरथरत होते. तिनं पाहिले. इतर कुठल्याही दिवशी तिनं ते हातात घेतले असते. "खरा भाव किती?" ती म्हणाली. "त्रेचाळीस." "त्रेचाळीस," ती म्हणाली, आणि मग ती बाईंकडे वळली. "डॉक्टर, उद्या दुसऱ्या कोणाला घेऊन आले तर चालेल? एकदा दाखवून घेते."

बाई माझ्याकडे बघून चटकन दुसरीकडे बघायला लागल्या. दुसऱ्या कोणाला दाखवून घेते: अडतीस वर्षांत हे वाक्य माझ्यासमोर कोणी उच्चारलं नव्हतं. माझ्यानंतर दुसरा माणूस नसे. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी साध्याशा गाडीतून गेलं, तिचं एक चाक वाजत होतं, आणि मी सवयीनं मनात म्हटलं, पुढचं डावं, बेअरिंग. कोणी विचारलं नव्हतं. भिंगरीनं डिकी लावली. हळू लावली, अशा गाडीची लावावी तशी. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "बाबा, मी एकोणीस वर्षांची होते, तेव्हा ती मोटरसायकल घेणार होते. तिची चासी वाकडी होती ना?"

"होती," मी म्हणालो.

"तेव्हाही तू माझं बोट धरून फिरवलं होतंस."

"होती गं. खरंच वाकडी होती. शपथ." मी घाईघाईनं बोललो, गाडी गळ्यात मारायला आलेली माणसं बोलतात तसा. ती वळली. माझ्या चेहऱ्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं. गिऱ्हाईक विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं ते बघणं मी जन्मभर बाजूला उभा राहून पाहिलं आहे. समोर उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली, आणि बाईंना हात देऊन पायरीवरून वर घेऊन गेली. मी गॅरेजात एकटा राहिलो. वाकडी होती ती. होतीच. मी डोळे मिटले आणि ते दुकान समोर आणलं, लाल टाकी, पुसलेली पायरी, माझ्या मुठीत तिचं घामेजलेलं बोट. चासीच्या नळीवरून ते बोट घेऊन मी वरून खाली आलो. मग पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. कुठे वाकली होती ते मला सापडेना.